करवंटीतलं पाणी

आमच्या दुकानातून गुडगुडी कधी कोरडी बाहेर पडलेली नाही. नवी असो, जुनी असो, नुसती वरची चिलीम बदललेली असो, काम संपलं की बुडात अर्धं पाणी भरायचं, दांडा बसवायचा, नळी तोंडाला लावायची आणि ओढायचं. तंबाखू नाही, निखारा नाही, नुसती हवा. आवाज भरदार आला की सांधे घट्ट आहेत असं समजायचं. फुसफुस आली की कुठूनतरी हवा शिरतेय, पुन्हा सगळं सुटं करायचं. माझे वडील हेच करायचे आणि मलाही त्यांनी हेच शिकवलं. मी जन्मात तंबाखूचा एक झुरका घेतलेला नाही, पण माझ्याइतक्या गुडगुड्या ओढलेला माणूस दुसरा दाखवा.

मुलीने या धंद्याकडे पाठ फिरवली याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती शिकली, संग्रहालयात लागली. लागली म्हणजे तात्पुरती. तीन वर्षं दर सहा महिन्यांनी तिला नेमणुकीचं नवं पत्र मिळायचं आणि दर सहा महिन्यांनी आमच्या घरी आठवडाभर कोणी धड जेवायचं नाही. यंदा मोठ्या साहेबांनी तिला एक अख्खं दालन दिलं आणि सांगितलं, हे नीट पार पडलं तर कायमचं पत्र देतो. तिने विषय निवडला पाण्याचा हुक्का. पण हुक्का ओढावा कसा, कोण ओढायचं, असलं काही नाही. त्याच्या नावांवर सगळं दालन. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. माणसं तिकीट काढून नावं बघायला येतील, असं या शिकलेल्या लोकांनाच सुचू शकतं.

तिचं म्हणणं असं की या एका वस्तूला जी नावं पडली ती बहुतेक तिच्या पाण्याच्या भांड्यावरून पडली. सगळ्यात आधी भांडं होतं नारळाच्या करवंटीचं. नारळाला संस्कृतात नारिकेल, त्याचं फारसीत झालं नारगील, आणि त्यावरून पुढे कितीतरी मुलखांत या वस्तूलाच नरगिले म्हणायला लागले. भांडं काचेचं झालं तेव्हा काहींनी काचेवरून शीशा म्हटलं. आपण औषधाची शिशी म्हणतो ती त्याच घरातली. आणि हुक्का म्हणजे अरबीत डबी, छोटं भांडं. मी म्हटलं, आणि गुडगुडी? त्यात कुठलं भांडं आलं? भांडं करवंटीचं असो, काचेचं असो, पितळेचं असो, आवाज गुडगुड असाच येतो, आणि ज्याने पहिल्यांदा ऐकला त्याने तेच नाव ठेवलं. ती म्हणाली, भांडं असल्याशिवाय आवाज कुठून येणार? या एका गोष्टीवरून आम्ही दोघं महिनाभर भांडलो. तिची आई शेवटी म्हणाली की त्या गुडगुडीला काही म्हणा, पण माझ्यासमोर म्हणू नका.

दालनासाठी नऊ गुडगुड्या जमा झाल्या. आठ संग्रहालयाच्याच. नववी दुसऱ्या एका संग्रहालयातून उसनी आणली होती आणि तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण ती अख्ख्या करवंटीची होती. तिच्याशिवाय मुलीच्या सगळ्या बोलण्याला दाखवायला पुरावा नव्हता. पण एकही धड उभी राहीना. सांध्यावर गुंडाळलेला दोरा कुजला होता, दांडे डुगडुगत होते. तेव्हा मुलीने साहेबांना सांगितलं की ओळखीचे एक कारागीर आहेत. कारागीर माझा बाप आहे हे मात्र सांगितलं नाही. घरचाच माणूस आणला असं कोणी म्हणायला नको, म्हणून तिथे ती मला मास्तर म्हणणार आणि मी तिला मॅडम, असं आमचं ठरलं. मला ते अजिबात पटलं नव्हतं. पण तिच्या नोकरीचा प्रश्न होता म्हणून मी गप्प बसलो आणि इमानेइतबारे मॅडम मॅडम करत राहिलो.

मला मागच्या बाजूची एक खोली दिली होती. मोठं टेबल, त्यावर पांढरं जाड कापड, खिडकीशी हात धुवायचं बेसिन. तिथल्या सगळ्या वस्तू एका बाईंच्या ताब्यात होत्या. गळ्यात सतत भिंग लटकवलेलं, म्हणून मी मनात त्यांना भिंगबाई म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी मला कागद वाचून दाखवला. कोरडा ब्रश वापरायचा, नवा दोरा कोरडाच गुंडाळायचा, आणि पाणी लावायचं नाही. पाणी या शब्दाखाली लाल रेघ होती. मी म्हटलं, कळलं. आणि खरंच कळलं होतं. आठ गुडगुड्या मी कोरड्याच उभ्या केल्या. दर वेळी काम संपलं की हात पाण्याकडे जायचा आणि मी तो परत आणायचो.

शुक्रवारी सकाळी करवंटीची गुडगुडी हातात घेतली. इतकी हलकी की हातात आहे असंच वाटेना. बाहेरून काळीकुळकुळीत, वर्षानुवर्षांच्या तेलाचा आणि धुराचा थर. दोरा नीट बसला, दांडा सरळ उभा राहिला. तेवढ्यात मुलगी येऊन हळूच म्हणाली, "बघा मास्तर, शेवटी भांड्यापाशीच आलात." आणि हसत निघून गेली. जेवणाची सुट्टी झाली, मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. मी काय विचार केला हे विचाराल तर काहीच नाही. विचार केला असता तर बाटली उघडलीच नसती. माझ्या प्यायच्या पाण्याची बाटली होती, ती हाताने उघडली, पाणी करवंटीत ओतलं, दांडा बसवला आणि ओढलं.

आवाज आला. असा आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. काचेचा आवाज किणकिणता असतो, पितळेचा जरा घोगरा. हा अगदी आतून, पोटातून आल्यासारखा. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी दोनदा ओढलं. मग भानावर आलो. पाणी घाईघाईने बेसिनमध्ये ओतलं, काळं पाणी होतं. करवंटी सदऱ्याच्या टोकाने खसखसून पुसली. आणि पुसल्यावर बघतो तर वरच्या भोकापासून खाली चार बोटं लांब, केसासारखी बारीक रेघ. सकाळी ती नव्हती. मी सकाळी ती वस्तू सगळीकडून पाहिली होती, नव्हती म्हणजे नव्हती.

 इतकी वर्षं कोरडी पडलेली करवंटी, तिला एकदम पाणी पाजलं, तडकणार नाही तर काय. मी रेघेची बाजू भिंतीकडे केली, गुडगुडी तशीच ठेवली आणि डोकं दुखतंय म्हणून घरी आलो.

शनिवार-रविवार संग्रहालयाचं ऑफिस बंद. दोन दिवस मी दुकानात नुसता बसून होतो. बुधवारी दालन उघडणार होतं. बायकोने शनिवारीच माझा चेहरा वाचला आणि दुपारपर्यंत माझ्याकडून सगळं काढून घेतलं. ती रागावली नाही, त्यानेच मी जास्त घाबरलो. तिने एवढंच विचारलं की पोरीला कधी सांगणार. मी म्हटलं, सांगायची गरजच पडणार नाही. आणि ते खोटं नव्हतं. दुसरी एखादी करवंटी घासून तिची पूड करायची, लाखेत मळायची, थोडी काजळी घालायची आणि गरम सुईने रेघेत भरायची. असली कामं मी आयुष्यभर केली आहेत. मी भरलेली भेग माझ्या वडिलांनासुद्धा सापडली नसती. रविवारी बसून मी पूड केली, चांगली वस्त्रगाळ. बायको येता-जाता माझ्याकडे बघत होती.

सोमवारी डबीत तयार लाख घेऊन मी सगळ्यांच्या आधी पोचलो. सुई तापवायला घेतली तर मुलगी आत आली. हातात कागद होते. उसन्या वस्तूचा कागद आजच पाठवायचा होता, तिने वस्तू जशी आली तशीच आहे असं लिहून खाली सही करायची. ती टेबलाशी वाकली, पेनाचं टोपण काढलं, तारीख घातली. गुडगुडीकडे तिने नुसतं एकदा पाहिलं. वस्तू मास्तरांच्या हातात होती, मग तपासायचं काय, असंच तिच्या मनात असणार. तोवर मी भेग, लाख, सुई एवढाच हिशेब केला होता. त्या खोट्याच्या खाली नाव तिचं येणार आहे, हे माझ्या मठ्ठ डोक्यात शिरलंच नव्हतं. मी कागदावर हात ठेवला.

"सही करू नकोस," मी म्हटलं. "मी पाणी घातलं. शुक्रवारी. तडा गेलाय."

मी गुडगुडी फिरवून तिला रेघ दाखवली. तिने ती नीट पाहिली. तिने बोट लावलं नाही. मी एका दमात सांगून टाकलं की लाख तयार आहे, अर्ध्या तासाचं काम आहे, भिंगबाईंच्या भिंगालाही कळणार नाही, तू फक्त जरा बाहेर थांब. तिने पेनाचं टोपण लावलं.

"सही माझी आहे, बाबा," ती म्हणाली. "चला, बाईंना सांगू."

त्या इमारतीत ती पहिल्यांदाच मला बाबा म्हणाली होती, आणि तेही दार सताड उघडं असताना.  मी डबी खिशात टाकली आणि तिच्या मागून निघालो.

भिंगबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, फक्त हातमोजे चढवले, दिवा ओढून जवळ घेतला आणि करवंटी छोट्या मऊ गादीवर ठेवली. मुलीकडे न बघताच त्यांनी साहेबांना बोलवायला सांगितलं. मुलगी गेली, साहेब आले, पण ती परत आली नाही. माझ्यावर चिडली असेल, मला वाटलं, आणि चिडावंच तिने.

मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि म्हटलं की चूक सगळी माझी आहे. मला कागद वाचून दाखवला होता, कळला होता, तरी मी पाणी घातलं. मॅडमचा यात काही दोष नाही, त्यांना आत्ता कळलं. त्यांनी मला फक्त काम दिलं, मी कोण कुठला ते त्यांना धड माहीतही नाही. साहेब माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागले.

"पहिल्या दिवशी गेटवरच्या वहीत तुम्ही काय लिहिलंत आठवतंय का?" ते म्हणाले. "कोणाकडे काम, या रकान्यात? मुलीकडे, असं लिहिलंत. ती वही रोज संध्याकाळी माझ्यासमोर येते."

मला ब्रह्मांड आठवलं. महिनाभर आम्ही दोघं मास्तर आणि मॅडमचं नाटक करत होतो आणि पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळे ते मुकाट्याने बघत होते. साहेब पुढे म्हणाले की काम चांगलं होत होतं, म्हणून मी विचारलं नाही. पण आता भिंगबाई काय म्हणतात त्यावर आहे. उसनी वस्तू आहे, बिघडली असेल तर मला तसं कळवावं लागेल, आणि मग दालनाचंही काही खरं नाही. मुलीच्या पत्राचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण मला ते ऐकू आलंच.

भिंगबाई वाकून बघत होत्या. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा त्यांनी भोकातून आत घातला, बारीक दिवा घातला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मी भिंतीला टेकून उभा होतो. मग त्यांनी मान वर न करता मला विचारलं, "पाणी किती घातलंत?"

"अर्धं. अर्ध्याच्या जरा वर."

"म्हणजे रेघेचं खालचं टोक बुडेल एवढं. गळलं किती?"

 गळलं नव्हतं. एक थेंबसुद्धा नाही. मी ती मांडीवर धरून तीनदा ओढली होती आणि माझी विजार कोरडी होती. चाळीस वर्षं मी दुसरं काय करतोय? पाणी कुठून गळतंय ते शोधतो. रोज तेवढंच बघतो. आणि ज्या दिवशी ते बघायला हवं होतं त्या दिवशी भीतीने माझी अक्कल गहाण पडली होती.

"नाही गळलं," मी म्हटलं.

"गळणार नाहीच. या, बघा."

त्यांनी मला भिंग दिलं. आरशात करवंटीची आतली बाजू दिसत होती आणि रेघेच्या बरोबर मागे, वरपासून खालपर्यंत, कापडाची एक पट्टी. लाखेत बुडवून आतून चिकटवलेली. लाख इतकी जुनी की तिच्यावरसुद्धा बारीक जाळी पडली होती. करवंटी कोणाच्यातरी हातून केव्हाच तडकली होती, आणि कोणीतरी अंगठा जाईल एवढ्या भोकातून, वाकड्या तारेने, ती पट्टी आत नेऊन जागच्या जागी बसवली होती. बाहेरून काजळी मिसळलेली लाख भरली होती, आणि मी ओल्या करवंटीवर सदरा घासला तेव्हा वरची काजळी निघाली. मी जे रविवारभर करत बसलो होतो ते माझ्या धंद्यातल्या कुठल्यातरी माणसाने आधीच करून ठेवलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. पट्टीची कडसुद्धा दुमडून घेतली होती. बाईंच्या समोर मी त्याला हात जोडले.

भिंगबाईंनी तिथूनच उसनी वस्तू देणाऱ्या संग्रहालयाला फोन लावला. तिकडच्या माणसाने जुनी यादी काढून वाचली. करवंटीची, फुटून जोडलेली, असं तिच्यात लिहिलेलं होतं. पण जोड कुठे आहे ते आजवर कोणालाच सापडलं नव्हतं, म्हणून यादीच चुकली असेल असं समजून त्यांनी ते नव्या कागदात घेतलंच नव्हतं. आता सापडला म्हटल्यावर तो माणूस खूश झाला. फोटो लगेच पाठवा म्हणाला.

फोन ठेवल्यावर भिंगबाईंनी मला मात्र सोडलं नाही. पाणी घातलं ते चूकच, ते मी अहवालात लिहिणार, आणि पुन्हा या खोलीत बाटली आणायची नाही. वर हेही म्हणाल्या की तुम्ही नवी लाख भरली असतीत तर दिव्याखाली ती वेगळी चमकली असती, मला पहिल्या मिनिटाला दिसली असती, आणि मग खालचा तडा जुना आहे हे तुमच्या मुलीने सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. खिशातली डबी मला मांडीला टोचायला लागली. साहेबांनी एवढंच म्हटलं की दालन बुधवारीच उघडेल, आणि पत्राचं मी बोललो होतो ते तसंच आहे.

मला एकदम हलकं वाटलं. इतकं की आधी खुर्ची शोधावी लागली. डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही, आत दोघंच होते आणि दोघांनाही मी कोणाचा बाप ते ठाऊक होतं. मग उठलो आणि मुलीला शोधायला निघालो.

तिची जागा मला माहीत नव्हती. महिनाभर मॅडमच्या टेबलाकडे जायचं मी टाळलं होतं. जिन्याखाली, कपाटाच्या मागे एक लहान टेबल होतं, तिथे ती पाठमोरी बसली होती. बाजूला खुर्चीवर तिची कापडी पिशवी होती, गच्च भरलेली. टेबलाचा खण उघडा होता आणि रिकामा. त्या अर्ध्या तासात तिने तीन वर्षांचं सगळं आवरून ठेवलं होतं. मला लाख भरू द्यायला तिला एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द न बोलता ती इथे येऊन खण रिकामा करत बसली होती.

मी तिला सांगितलं. आधी उलटसुलट सांगितलं, मग पुन्हा नीट सांगितलं. जुना तडा, आतली पट्टी, फोन, बुधवार, पत्र. ती ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "गळलं नव्हतं?" मी म्हटलं, थेंबभरही नाही. मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्हीसुद्धा ना!"

 मग मी पिशवी मांडीवर घेतली. आत मोजायची पट्टी होती, पेन्सिलींचे तुकडे होते, हाताला लावायचं क्रीम, एक चप्पल आणि तळाशी तिची जोडीदार, चहाचा कप, आईचा फोटो. मी एकेक काढून देत गेलो आणि ती खणात ठेवत गेली.